पडद्यावरून आलेली मराठी

वाचकहो, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या गावी आपण कधी गेलात, तर पहिले काही दिवस परदेशी आल्याचे जाणवतही नाही. एडिसन आणि शेजारचे आयझेलिन यांतून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची आणि वाणसामानाची दुकाने ओळीने उभी आहेत. कढीपत्ता मिळतो, शेवग्याच्या शेंगा मिळतात, दुकानदाराशी हिंदीत भाव करता येतो. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी आलेली आपली मंडळी सकाळी कापडी बूट आणि मफलर घालून फिरायला निघतात. बाकावर बसून सुनेच्या नोकरीपासून गुडघ्यांपर्यंत सर्व विषयांवर बोलतात.

‘इंग्रजीवाचून आमचे काही अडत नाही,’ असे त्यांतला प्रत्येक जण सांगतो. आम्हीही सांगत होतो. माझे यजमान सातारा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. इंग्रजी वर्तमानपत्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. वाचता येणे आणि आजारपणात बोलता येणे यांत किती अंतर असते, हे मात्र आम्हाला गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात कळले. तो अनुभव आपल्यापुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

मनोऱ्याखालचा बाक

एडिसन गावाचे हे नाव १९५४ सालापासूनचे. थॉमस अल्वा एडिसन यांची प्रसिद्ध प्रयोगशाळा येथील मेन्लो पार्क भागात होती. १८७७ साली फोनोग्राफ आणि १८७९ साली टिकाऊ विजेचा दिवा येथेच तयार झाला. प्रयोगशाळेच्या जागी, ख्रिस्ती स्ट्रीटवर, १९३८ साली उभारलेला सुमारे १३० फूट उंचीचा स्मारक-मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर काचेचा भला मोठा दिवा बसवलेला आहे. भोवती झाडी आहे. ऑक्टोबरात तेथील पाने पिवळी-तांबडी होतात आणि पायाखाली त्यांचा सडा पडलेला असतो.

एक गोष्ट मला तेथेच कळली. एडिसन यांना लहानपणापासून ऐकू कमी येत असे. आवाज साठवून ठेवणारे यंत्र ज्याने केले आणि दूरध्वनीत बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट जावा यासाठी ज्याने सुधारणा केली, त्या माणसाचे स्वतःचे कान अधू होते. यंत्राच्या लाकडाला दात लावून, हाडांतून येणाऱ्या कंपनांनी तो संगीत ऐकत असे, असे सांगतात.

मी हे यजमानांना मोठ्याने सांगितले. ते हसले, पण त्यांना अर्धेच कळले असावे. त्यांचे श्रवणयंत्र मुलीच्या घरी खणात पडून होते. ‘शिट्टी वाजते त्यातून,’ ही त्यांची नेहमीची तक्रार. बाकावरून उठताना त्यांनी एकदम माझा खांदा धरला आणि पुन्हा खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळ घामाने ओले झाले होते. “घेरी आली जरा,” ते म्हणाले. “होईल बरं.”

मुलगी गाडी घेऊन आली आणि आम्ही थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोचलो.

‘दुभाषी नको, मी आहे ना’

नोंदणीच्या वेळीच तेथील परिचारिकेने मुलीला विचारले, “यांची भाषा कोणती? दुभाषी बोलवायचा का?” मुलगी वीस वर्षे तेथे राहते, इंग्रजी तिला पाण्यासारखे येते. तिला तो प्रश्न थोडा अपमानाचाच वाटला. “नको, मी आहे ना,” असे सांगून तिने त्या अर्थाच्या कागदावर सही केली. चूक रुग्णालयाची नव्हती. ती आमच्या घरातली होती आणि प्रेमापोटी झालेली होती.

डॉक्टर मुखपट्टी लावून भराभर बोलत होते. यजमानांना शब्द ऐकू येत, पण अर्थ लागत नसे. उतारवयातील बहिरेपणाचे हेच लक्षण आहे. त्यात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे उरतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ अशा वेळी ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर निम्मे काम होते. मुखपट्टीने तेही झाकले होते.

तेव्हा सर्व बोलणे मुलीमार्फत सुरू झाले. ‘घेरी’ या शब्दाचे तिने जे इंग्रजी केले, त्याचा अर्थ ‘भोवतालचे सर्व गरगर फिरणे’ असा होत होता. डॉक्टरांनी कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाची तपासणी केली. पुढे त्यांनी शौचाचा रंग, त्यात रक्त, असे काही विचारले. मुलीने क्षणभर खाली पाहिले आणि वडिलांना विचारले, “बाबा, पोट साफ होतं ना?” ते म्हणाले, “होतं.” तिने सांगितले, “तसला काही त्रास नाही.”

वाचकहो, हा प्रसंग आपण नीट पाहा. तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. तरी डॉक्टरांचा प्रश्न वडिलांपर्यंत पोचला नाही आणि वडिलांचे दुखणे डॉक्टरांपर्यंत पोचले नाही. रक्ताच्या पहिल्या चाचणीत हिमोग्लोबिन थोडेसेच कमी होते. चक्कर थांबवण्याची गोळी देऊन घरी पाठवावे, असे बोलणे सुरू झाले.

चाकांवरचा पडदा

सायंकाळी पाळी बदलली. नव्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि मुलीला नम्रपणे म्हणाले, “आपण खूप मदत केलीत. पण मला हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे.” परिचारिकेने चाकांच्या दांड्यावर बसवलेला एक टॅब्लेट खाटेजवळ आणला, पडद्यावर ‘मराठी’ निवडले आणि काही मिनिटांत एक बाई दिसू लागल्या. मागे साधा निळा पडदा, कानावर हेडफोन.

“नमस्कार. मी मराठीची दुभाषी,” असे म्हणून त्यांनी नावाऐवजी आपला क्रमांक सांगितला. “इथे जे बोललं जाईल, ते सगळं मी दोन्हीकडे सांगेन. काही गाळणार नाही, पदरचं घालणार नाही, बाहेर कोणाला कळवणार नाही. छोटी वाक्यं बोला आणि मधे थांबा.”

यजमानांना नीट ऐकू येईना, तेव्हा परिचारिकेने खिशात मावणारे एक ध्वनिवर्धक आणि हेडफोन आणून दिले. पडदा त्यांच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर ओढला. आता बाईंचे ओठ दिसत होते, आवाज थेट कानात येत होता आणि तो मराठीत होता. दुपारपासून प्रथमच त्यांचा चेहरा सैल झाला.

एक गंमतही झाली. दुभाषी नेहमी प्रथम पुरुषात बोलतात. डॉक्टर ‘मी’ म्हणाले, की तेही ‘मी’ म्हणतात. त्यामुळे बाई म्हणाल्या, “मी आता तुमचं पोट तपासतो.” यजमान गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मग लक्षात आले, की ‘तपासतो’ हे डॉक्टरांचे होते, बाईंचा फक्त आवाज होता.

पुन्हा ‘घेरी’ शब्द आला. बाई थांबल्या. डॉक्टरांना सांगून त्यांनी खुलासा विचारला, “घेरी म्हणजे भोवतालचं सगळं फिरल्यासारखं होतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते?”

“अंधारी येते,” हे म्हणाले. “बसलो की जाते.”

डॉक्टरांनी मान वर केली. या दोन वर्णनांत वैद्यकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. गरगर फिरण्याचे मूळ बहुधा कानात असते, तर उभे राहताच अंधारी येण्याचे मूळ रक्तदाबात, शरीरातल्या पाण्यात किंवा रक्तस्रावात असू शकते. डॉक्टरांनी शौचाविषयीचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. हे काही बोलेनात, नुसते मुलीकडे पाहत राहिले. ते डॉक्टरांनी ओळखले आणि विचारले, “थोडा वेळ एकटे बोलायचे का?”

“हिला असू दे,” हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मुलगी बाहेर गेली. मग पडद्याकडे पाहून, जणू गावातल्या एखाद्या ओळखीच्या ताईला सांगावे तसे, ते म्हणाले, “चार दिवस झाले. काळी होते. डांबरासारखी.”

मीसुद्धा हे प्रथमच ऐकत होते. गुडघ्यांसाठी ते साताऱ्याहून आणलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा घेत होते. हृदयासाठीची ॲस्पिरिनची छोटी गोळी तर आधीपासून चालूच होती. या दोन्ही औषधांनी मिळून जठराला व्रण पडला होता आणि त्यातून रक्त झिरपत होते. रक्तस्राव ताजा असताना हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही. दोन तासांनी पुन्हा तपासले तेव्हा ते बरेच खाली आले होते. रात्री रक्त चढवले. सकाळी दुर्बिणीने व्रण पाहून रक्तस्राव थांबवला. चौथ्या दिवशी हे घरी आले.

“बाबा, मला का नाही सांगितलंत?” मुलीने विचारले.

“तू आधीच घाबरली होतीस,” हे म्हणाले. “आणि मुलीला काय असल्या गोष्टी सांगायच्या.”

मुलगी त्या दिवशी दुभाषी होऊ शकली नाही, कारण ती मुलगी होती. यात तिचा दोष नाही. दुभाषी आल्यावर तिला वडिलांचा हात धरून बसता आले. तिचे खरे काम तेच होते.

हा हक्क आहे, उपकार नव्हे

ही सोय एका दिवसात आलेली नाही. दूरध्वनीवरून दुभाषी पुरवण्याची पहिली सार्वजनिक सेवा ऑस्ट्रेलियाने १९७३ साली स्थलांतरितांसाठी सुरू केली. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थेला कोणाशीही राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करता येत नाही, आणि भाषेमुळे सेवा नाकारणे हा त्याच भेदभावाचा प्रकार मानला जातो. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने तो आधार आणखी पक्का केला. बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींसाठी १९९० चा अपंगत्वविषयक कायदा आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की अशा रुग्णालयाने दुभाषी विनामूल्य द्यायचा असतो. आपण नागरिक नसून पाहुणे म्हणून गेला असाल, तरीही. ‘तुमचा माणूस घेऊन या’ असे त्यांना सांगता येत नाही, आणि अगदी तातडीचा प्रसंग वगळता लहान मुलांकडून भाषांतर करून घेता येत नाही. आजोबांच्या आजाराची बातमी नातवाच्या तोंडून वदवून घेणे किती क्रूर आहे, हे वेगळे सांगायला नको.

एका शब्दाची किंमत किती असते, याचे फ्लोरिडातील १९८० सालचे एक उदाहरण तेथील वैद्यकीय दुभाष्यांना नेहमी सांगितले जाते. क्यूबन कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत आला. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये ‘इंटॉक्सिकादो’ म्हटले. त्यांच्या मते, काहीतरी खाण्यात आल्याने त्याला बाधले होते. डॉक्टरांनी मात्र इंग्रजीतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दावरून अमली पदार्थांची मात्रा झाली असे समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलगा वाचला, पण चारही अंगांनी लुळा झाला. त्यांचा ‘इंटॉक्सिकादो’ आणि आमची ‘घेरी’ यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

पडदा कोठे अपुरा पडतो

या पडद्याच्या मर्यादाही आपण ध्यानात घ्याव्यात. चित्र अडखळत असेल, आवाज तुटत असेल, तर ‘चालेल’ म्हणू नये. पुन्हा जोडून द्यायला सांगावे. अमेरिकी नियमांत चित्र स्पष्ट आणि न अडखळणारे असावे, आवाज स्वच्छ यावा आणि यंत्र चालवणारे कर्मचारी शिकलेले असावेत, अशी अटच आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला पडद्यावरची बाई म्हणजे दूरदर्शनवरची निवेदिका वाटू शकते. दृष्टी फार अधू असेल, रुग्ण तापात बरळत असेल, किंवा आजार बरा होणार नाही असे सांगण्याची वेळ आली असेल, तर प्रत्यक्ष येणाऱ्या दुभाष्याची मागणी करावी. मराठीचे दुभाषी स्पॅनिशइतके सहज मिळत नाहीत. भेटीची वेळ ठरवतानाच ‘मराठी’ असे स्पष्ट नोंदवले, तर सोय करायला अवधी मिळतो. ‘हिंदी चालेल का?’ असे विचारले जाते. बाजारहाटाच्या हिंदीत पोटातली कळ, मळमळ, जळजळ आणि ओढ यांतले भेद सांगता येतील का, हे मनाशी ठरवून मगच हो म्हणावे. गोव्याकडच्या आजींना कोकणीच सोयीची असेल, तर कोकणी मागावी.

जन्मतः बहिऱ्या असलेल्या आपल्या माणसांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. खुणांची भाषा जगभर एकच नसते. अमेरिकी सांकेतिक भाषा आणि भारतीय सांकेतिक भाषा या दोन निरनिराळ्या भाषा आहेत. तेथील दुभाषी पडद्यावर आला, तरी आपल्या काकांना त्याच्या खुणा कळतीलच असे नाही. अशा वेळी जो स्वतः बहिरा आहे आणि खुणा, हावभाव, चित्रे यांतून दुसऱ्या देशाच्या बहिऱ्या व्यक्तीशी संवाद साधण्यात तयार झालेला आहे, असा प्रशिक्षित दुभाषी मागता येतो. तो आणि ऐकू येणारा दुभाषी मिळून काम करतात.

घरी परतल्यावर

आपल्या महाराष्ट्रात अशी चाकांवरची सोय आज प्रत्येक रुग्णालयात नाही. पण त्यामागचा विचार आपल्याला घरीही अमलात आणता येतो. डॉक्टरांना सांगावे, “यांना कमी ऐकू येते, कृपया समोर बसून सावकाश बोला.” पंखा आणि दूरदर्शन बंद करावे. बोललेले शब्द मराठी अक्षरांत उमटवणारी मोफत ॲप मोबाइलवर मिळतात. ती आधी घरी वापरून पाहावीत. त्यांत चुका होतात, म्हणून औषधांची नावे आणि मात्रा कागदावरच लिहून घ्याव्यात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून वाक् आणि श्रवण दोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आहे.

सोबत्यांनो, रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे. आपल्याला ते माहीत असले तरी क्षणभर थांबावे. निघण्यापूर्वी, जे समजले ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना पुन्हा सांगावे. आणि दोन मिनिटे त्याला डॉक्टरांजवळ एकटे सोडावे. आपल्या माणसाने काही लपवले, तर त्याचा अर्थ त्याचा आपल्यावर विश्वास नाही असा नसतो. पुष्कळदा ती माया असते.

आणि ज्येष्ठांनो, आपल्यालाही एक सांगते. शौच काळी डांबरासारखी होत असेल, तर ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण त्याचा निवाडा आपण करू नये. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नयेत. लाज बाळगण्याची ही जागा नाही.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा ख्रिस्ती स्ट्रीटवर गेलो. पाने गळून गेली होती आणि मनोरा झाडांमधून पुरता दिसत होता. हे त्याच बाकावर बसले. श्रवणतज्ज्ञाकडून नीट बसवून घेतलेले यंत्र या वेळी कानात होते. शिट्टी वाजत नव्हती. एडिसनची ती दात लावून ऐकण्याची गोष्ट मी पुन्हा सांगितली, तेव्हा ती त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “म्हणजे त्यालाही लाज वाटत नव्हती.”

त्यांच्या खिशात आता श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांच्या डबीशेजारी एक छोटे कार्ड असते. एका बाजूला औषधांची यादी आहे. दुसऱ्या बाजूला मुलीने इंग्रजीत आणि खाली देवनागरीत लिहून दिले आहे: ‘आय स्पीक मराठी. आय हॅव हिअरिंग लॉस. आय नीड ॲन इंटरप्रिटर.’ मी मराठी बोलतो, मला कमी ऐकू येते, मला दुभाषी हवा आहे. आपण मुलांकडे जायला निघाल, तेव्हा असे एक कार्ड पासपोर्टमध्ये अवश्य ठेवा.